नकाशा कोणी आखायचा?



डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग अभयारण्यात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्याने एका वाघाचे छायाचित्र टिपले. अंगावरील पट्टे ताडून पाहता तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा नर असल्याचे निष्पन्न झाले. नकाशावर या दोन ठिकाणांमध्ये सरळ रेघ ओढली तर ती सुमारे तीनशे किलोमीटर भरते आणि नांदेड व लातूर जिल्ह्यांवरून जाते. लातूरची गणना तर राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्राच्या जिल्ह्यांत होते. वाघ काही सरळ रेषेत चालत नाही. त्याची खरी वाट याहून बरीच लांब असणार. परंतु त्या वाटेची सलग नोंद कोठेही नाही.

याच टिपेश्वरातून २०१९ साली निघालेल्या दुसऱ्या एका वाघाच्या गळ्यात रेडिओ-पट्टा होता. नांदेड, हिंगोली आणि तेलंगणाचा सीमाभाग तुडवीत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे तीन हजार किलोमीटरची त्याची भ्रमंती आज अभ्यासकांसमोर आहे. शेतांमधून, ओढ्यांच्या काठाने, बहुतांशी रात्री तो चालला. एकाची वाट शास्त्राला ठाऊक आहे, दुसऱ्याची नाही. आणि जी वाट ठाऊक नाही तिचे रक्षण कोणी करीत नाही.

परिसरविज्ञानाची एक शाखा आज याच प्रश्नाभोवती उभी आहे. एखादी प्रजाती जिथे खात्रीने आढळली ती स्थळे घ्यायची. तेथील पाऊसमान, तापमान, चढउतार, झाडोरा, पाण्यापासूनचे व रस्त्यापासूनचे अंतर मांडायचे. त्यांतील संबंध संगणकाने शोधायचा. आणि जिथे कोणी पाहणी केली नाही तिथेही ती प्रजाती असण्याची शक्यता किती, याचा नकाशा तयार करायचा. यालाच प्रजाती-वितरणाचे प्रतिमान म्हणतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही रीत परकी वाटू नये, कारण नमुना पाहणीवरून समग्राचे अनुमान काढण्याचाच हा प्रकार आहे. नमुना पाहणीचा जो दोष, तोच हिचाही. नोंदी होतात त्या अभ्यासक पोचतात तिथल्या : अभयारण्ये, सडकेलगतचे पट्टे, विद्यापीठांचा शेजार. किनवट-माहूरचे सागवन सोडले तर मराठवाड्याच्या माळावर किती जण फिरकतात? नोंद नाही म्हणजे जीवच नाही, असा अर्थ लावला जातो आणि नकाशावरची कोरी जागा सरकारदरबारी ‘पडीक’ ठरते.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने सिंचन, रस्ते, वीज यांचा अनुशेष जिल्हावार आकड्यांत मांडला, तेव्हा कोठे मागासलेपणाच्या तक्रारीला वजन आले. आज निसर्गाच्या नोंदींचाही असाच अनुशेष साचला आहे.

तथापि, नकाशा झाला की प्रश्न सुटला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर! तालुकेच्या तालुके, शेते व गावांसह, त्यात आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले. पक्ष्याला नेमका कोणता माळ लागतो याचा विचार मागाहून झाला, सीमा आधी आखली गेली. २०१२ साली हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. तेहतीस वर्षे शेतकऱ्याने जाच सोसला, माळ उसाखाली आणि वनीकरणाखाली गेले, आणि माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. ज्याच्या नावाने हे सारे केले त्याचेही हित साधले नाही.

येथे चळवळीतील काही मित्र विचारतील, की माणसे अर्धपोटी असताना वाघ-माळढोकांची चिंता हा सुखवस्तूंचा छंद नव्हे काय? शंका प्रामाणिक आहे. पण माळ रिकामा कधीच नव्हता. धनगरांची मेंढरे तिथे चरतात. भूमिहीन दलितांनी गायरानावर घाम गाळला आहे. १९६४च्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांनी जमिनीची जी मागणी केली, ती अद्याप पुरी झालेली नाही. जो कागद माळाला ‘पडीक’ म्हणतो तोच तो मोठ्या प्रकल्पांच्या हाती देण्याची वाट मोकळी करतो. शक्तिपीठ महामार्गाच्या आराखड्याविरुद्ध २०२४ साली नांदेडपासून कोल्हापूरपर्यंतचे शेतकरी रस्त्यावर उतरले. अशा महामार्गाने शेतकऱ्याची जमीन जाते आणि वन्यजीवांची वाटही तुटते. दोघांचा प्रश्न एकाच जागी येऊन ठेपतो.

मार्ग नाही असे नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून प्रत्येकाची पर्यावरणीय प्रतवारी ठरविली, आणि २०११च्या अहवालात अंतिम निर्णय ग्रामसभांच्या चर्चेतून व्हावा असा आग्रह धरला. शास्त्र आणि लोकशाही यांची ती सांगड शासनाला पेलली नाही. तरी २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी व्यवस्थापन समित्या आहेत आणि लोकजैवविविधता नोंदवही हे साधन हाताशी आहे. बऱ्याच ठिकाणी ती मुदत गाठण्यासाठी घाईने भरली गेली. ती नव्याने भरणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. कोणत्या ओढ्याला रात्री पाऊलखुणा उमटतात, लांडगी कोठे विते, तणमोर कोणत्या गवतात दिसत असे, हे मेंढपाळाला ठाऊक असते. ही माहिती तारखेनिशी आणि ठिकाणानिशी लिहिली गेली तर तिचे मोल कोणत्याही प्रयोगशाळेतील आकड्याहून कमी नाही.

त्याबरोबर तीन मागण्या लावून धराव्या लागतील. प्रतिमानासाठी कोणत्या नोंदी व कोणती गृहीते वापरली, ते मराठीत जाहीर व्हावे. ग्रामसभेपुढे मांडल्याखेरीज कोणतीही सीमा अधिकृत होऊ नये. आणि वाघाने मारलेल्या जनावराची भरपाई महिन्याभरात मालकाच्या हाती पडावी. वाघ जगावा ही साऱ्या समाजाची इच्छा असेल, तर त्याची किंमत बार्शी-येडशीकडच्या एकट्या गुराख्याने का मोजावी?