उशिराचा हिशेब कोणी ठेवावा?



मोबाईलच्या बिनतारी जाळ्यातील विलंब आणि त्याची नोंद, हा विषय पत्रिकेवर पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. कामगार संघटनेत हयात घालविलेल्या माणसाने यंत्रशास्त्रात कशाला शिरावे? आमचे उत्तर सरळ आहे. उशीर कुठेही होवो, त्याची किंमत कोणीतरी मोजीत असतो, आणि तो बहुधा आमच्यातलाच असतो. कॉलेज आम्ही बाहेरूनच पाहिले. पण ज्या यंत्रावर आमच्या माणसांची हजेरी आणि मजुरी अवलंबून राहू लागली, ते समजून घेणे आम्हांस भाग पडले.

रोजगार हमीच्या केंद्रीय योजनेत १ जानेवारी २०२३ पासून हजेरी मोबाईलवरून, छायाचित्रासह, नोंदविणे सक्तीचे झाले. त्या काळात सिग्नल नाही म्हणून हजेरी चढली नाही, अशा तक्रारी देशभर झाल्या. हातात फावडे घेऊन उभा असलेला मजूर कागदावर गैरहजर! शहरातही तेच. घरोघर खाद्यपदार्थ पोचविणाऱ्या पोराला आलेले काम स्वीकारण्यास मोजके सेकंद मिळतात. निरोप वाटेत रेंगाळला, तर काम दुसऱ्याकडे जाते आणि दोष मात्र याच्या माथी बसतो.

आता हा निरोप रेंगाळतो कुठे? हवेत नव्हे. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. टॉवर दोन-चार किलोमीटरवर असतो. वेळ जातो तो रांगेत. मोबाईल आपला मजकूर लहान लहान पाकिटांत बांधतो. पण मनाला येईल तेव्हा ती पाठवावीत, अशी त्याला मुभा नाही. आधी टॉवरकडे परवानगी मागावयाची, टॉवरने वेळ नेमून द्यावयाची, मग पाकीट सोडावयाचे. गर्दीच्या वेळी एका टॉवरवर शेकडो मोबाईल हात वर करून उभे असतात. नाक्यावर मुकादमासमोर उभी राहणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र वेगळे समजावून सांगावयास नको.

यातली मेख अशी. मोबाईल टॉवरला आपल्याजवळ किती माल साठला आहे, हे कळवीत असतो. परंतु तो माल किती वेळ ताटकळला आहे, हे त्या निरोपात नसते. रांगेची लांबी मुकादमास कळते. रांगेत कोण केव्हापासून उभा आहे, हे उभे राहणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून विलंब मोजावयाचा तर साक्ष मोबाईलचीच काढली पाहिजे.

हे त्या क्षेत्रातील शहाण्या मंडळींनाही उमगले. मोबाईल जाळ्यांचे जागतिक नियम थ्रीजीपीपी ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था ठरविते. २०१६ साली पूर्ण झालेल्या तिच्या तेराव्या आवृत्तीत फोर-जीसाठी अशी सोय आली की, जाळ्याने एक मर्यादा घालून द्यावी आणि शंभरांपैकी किती पाकिटे त्या मर्यादेपलीकडे रखडली, ते मोबाईलने कळवावे. २०२० च्या सोळाव्या आवृत्तीत फाइव्ह-जीसाठी रांगेतील सरासरी विलंब कळविण्याची रीत आली. आणि जून २०२४ मध्ये पक्क्या झालेल्या अठराव्या आवृत्तीत तर, माझ्याजवळच्या मालाची मुदत संपावयास इतकाच वेळ उरला आहे, असे मोबाईलने आधीच सांगावे, अशी व्यवस्था झाली. नुकसान झाल्यावर पंचनामा करण्यापेक्षा ते टाळणे केव्हाही बरे.

या तीन रीतींपैकी सरासरीकडे आम्ही संशयाने पाहतो. समजा, शंभर पाकिटांपैकी नव्याण्णव तीस मिलिसेकंदांत गेली आणि एक तीन सेकंद अडकले. सरासरी येते सुमारे साठ मिलिसेकंद. अहवाल वाचणारा म्हणेल, झकास कारभार आहे. पण त्या एका पाकिटात कोणाची तरी हजेरी होती, त्याचे काय? मर्यादेची रीत निदान एवढे तरी वदवून घेते, की शेकडा एक रखडले. अर्थात तीन सेकंद रखडले की तीन मिनिटे, हे तीही सांगत नाही. यास्तव दोन्ही आकडे हवेत.

आमच्या चळवळीला ही गोष्ट नवी नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सिद्ध केला. त्यात रविवारच्या सुटीबरोबर एक मागणी अशी होती की, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळालाच पाहिजे. पुढे १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने लहान कारखान्यांस सातवी आणि हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांस दहावी तारीख घालून दिली. सरासरी पगार सात तारखेला झाला म्हणजे पुरे, असे कायदा म्हणाला नाही. प्रत्येकाचा झाला पाहिजे, असे म्हणाला. चूल सरासरीवर पेटत नाही.

आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे सेवेच्या दर्जाविषयीचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले, आणि फोर-जी व फाइव्ह-जीच्या विलंबालाही त्यांत मर्यादा आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु मापाचे क्षेत्र केवढे, हे पाहिले पाहिजे. दूरसंचारच्या नकाशात मुंबई वेगळी काढलेली आहे, आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह एकच सेवाक्षेत्र आहे. पुणे, पणजी आणि मेळघाट यांची बेरीज करून भागाकार केला, तर मेळघाट त्यात बुडून जातो.

आमचे मागणे फार नाही. विलंबाची मर्यादा जाहीर असावी. ती किती वेळा मोडली, हे टॉवरवार आणि तासवार मोजावे. महिन्याच्या सरासरीत झाकू नये. आणि तिसरे सर्वांत महत्त्वाचे. आज मोबाईल आपली साक्ष जाळ्याने विचारले तरच देतो, आणि ती साक्ष कंपनीच्या दप्तरी जाते. ज्याचा रोज बुडतो, त्याला ती पाहण्याचा हक्क असावा. हजेरी यंत्रावर घ्यावयाची, तर यंत्राला उशीर झाल्याचा पुरावाही मजुराच्या हाती पडला पाहिजे. मालकाने मस्टर ठेवावे आणि मजुराने नुसता अंगठा उठवावा, ही रीत बंद पाडण्यास आमच्या वडीलधाऱ्यांनी आयुष्ये वेचली. मस्टर आता तारेवाचून चालते, एवढाच काय तो फरक.