मैदानाबाहेरचे अकरा



एका निवृत्त शाळामास्तराने फुटबॉलवर बोलावे, हे ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आमचे धर्माबाद मिरचीच्या बाजारासाठी आणि तेलंगणाच्या शिवेवरील गाव म्हणून परिचित आहे; फुटबॉलसाठी नव्हे. परंतु आज मी जे सांगणार आहे, त्याचा उगम याच गावातील एका चहाच्या दुकानात झाला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात फातोर्डा येथे भारताचा राष्ट्रीय संघ सिंगापूरकडून २-१ असा पराभूत झाला आणि २०२७ च्या आशिया चषकाचा मार्ग आपल्याला बंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे दोन माजी विद्यार्थी त्या दुकानात हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले. छांगटेने पहिला गोल करून आघाडी मिळवून दिल्यावर संघाने डाव आवळून का धरला नाही, असे एकाचे म्हणणे होते. एक्केचाळीस वर्षांच्या सुनील छेत्रीवर संघाने आणखी किती दिवस विसंबून राहावे, असा दुसऱ्याचा सवाल होता. मला पाहताच दोघेही उठून उभे राहिले आणि एकाने विचारले, "गुरुजी, आम्हांला जे कळते ते या निवड करणाऱ्यांना कळू नये काय?"

त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनात राहिला. ज्याने राष्ट्रीय संघाचा पोशाख कधी अंगावर घातला नाही, अशा प्रेक्षकाला संघाची निवड व डावपेच यांविषयी जाब विचारण्याचा अधिकार आहे काय?

माझे पहिले उत्तर असे की, अधिकार निःसंशय आहे, आणि तो खुद्द संघनायकानेच देऊन ठेवला आहे. जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेई संघाचा ५-० असा पराभव केला. छेत्रीने त्यात तीन गोल केले. पण ते पाहावयास जेमतेम अडीच हजार माणसे आली होती. त्यानंतर छेत्रीने जनतेला हात जोडून विनंती केली. आमच्यावर टीका करा, हवे तर शिव्या द्या, परंतु मैदानावर येऊन द्या, असा तिचा आशय होता. दोन दिवसांनी, ४ जून रोजी, केनियाविरुद्धच्या सामन्याला तेच मैदान गच्च भरले. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. टीकेपेक्षा उपेक्षा अधिक जीवघेणी असते, हे त्या खेळाडूने ओळखले होते. चहाच्या दुकानात भांडणारे माझे विद्यार्थी म्हणूनच मला दोषी वाटत नाहीत. भांडण आहे तेथे आस्था आहे.

तथापि प्रश्न विचारण्याचा अधिकार असणे निराळे आणि प्रश्न विचारता येणे निराळे. आपल्यापैकी बहुतेकांचा प्रश्न सामना संपल्यावर जन्मास येतो. तेच अकरा खेळाडू, तीच मांडणी. विजय झाला तर प्रशिक्षकाची दूरदृष्टी आणि पराभव झाला तर त्याचा अविचार! निकाल हाती आल्यावर निवडीची परीक्षा करणे, म्हणजे उत्तरे पाहून गणिते सोडविण्यासारखे आहे. अशा मुलाला मी कधी गुण दिले नाहीत.

या संदर्भात एका गृहस्थाचे स्मरण होते, आणि ते माझ्याच पेशातले होते याचा मला अभिमान वाटतो. आमचे धर्माबाद १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आजही येथील अनेक माणसे कामासाठी काचीगुड्याची गाडी पकडतात. त्याच काचीगुड्याच्या शाळेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक होते. पुढे त्यांनी हैदराबाद पोलिसांचा संघ घडविला. त्या संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून १९५१ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांत रहीमसाहेबांनी सुवर्णपदक मिळविले. आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा दारुण पराभवही पाहिला. त्या वेळी आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत असत. हाच मनुष्य एक वर्षात शहाणा आणि दुसऱ्या वर्षी अडाणी झाला होता काय? मुळीच नाही. पराभवापासून जे शिकावयाचे ते शिकून तो पुढे गेला, इतकेच.

आता १९६२ चे जकार्ता पाहा. भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. थायलंडविरुद्धच्या सामन्यात जर्नैल सिंग या बचावातील आधारस्तंभाच्या डोक्याला जखम झाली आणि टाके पडले. पुढे उपांत्य सामन्याची वेळ आली तेव्हा रहीमसाहेबांनी या जखमी बचावपटूला चक्क आघाडीच्या फळीत मध्यभागी उभे केले! चेंडू डोक्याने मारावयाची जागा ती, आणि डोक्याला टाके! त्या दिवशी आपण प्रेक्षकांत असतो, तर काय म्हटले असते? मी तरी, "म्हातारबुवांची बुद्धी चळली," असेच म्हटले असते. जर्नैल सिंगने उपांत्य सामन्यात गोल केला. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात, राजकीय वादामुळे विरुद्ध गेलेल्या प्रचंड जनसमुदायाच्या आरोळ्यांत, पी. के. बॅनर्जीपाठोपाठ पुन्हा गोल केला आणि त्याच दक्षिण कोरियाला आपण २-१ असे नमविले. पुढल्या जून महिन्यात रहीमसाहेब कर्करोगाने निवर्तले. त्यानंतर आशियाई स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताच्या हाती लागलेले नाही.

रहीमसाहेब आपल्या खेळाडूंना रोज पाहत होते. कोणाच्या पायांत किती बळ उरले आहे आणि कोणाच्या मनात किती धैर्य आहे, हे त्यांना ठाऊक होते. गॅलरीतून ते दिसत नाही. यास्तव प्रश्न विचारण्यापूर्वी, 'मला न दिसणारे असे काय त्याला दिसले असेल?' हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा.

याचा अर्थ, निवड करणारा नेहमी योग्य असतो, असा मात्र नव्हे. येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी तालुक्याच्या सामन्यांसाठी शाळेचा कबड्डीचा संघ निवडण्याचे काम माझ्याकडे होते. एक किरकोळ अंगाचा मुलगा होता. कोपऱ्यात उभा राहून चढाईला आलेल्याचा घोटा असा पकडी की, सुटका नाही. सामन्याच्या सकाळी गावातील एका वजनदार गृहस्थाने आपला धिप्पाड पुतण्या पुढे केला. भोवती जमलेल्या मंडळींनीही, "गुरुजी, हा अंगाने भरला आहे, यालाच घ्या," असा एकच गलका केला. मी मान डोलावली आणि त्या लहान मुलाला बाहेर बसविले. आम्ही तो सामना जिंकलो! मंडळींनी माझी पाठ थोपटली. परंतु तो मुलगा दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आला नाही, तो कायमचा. पुढे कित्येक वर्षांनी रेल्वेच्या फलाटावर तो भेटला. वाकून नमस्कार केला, मुलाबाळांची हकिगत सांगितली. कबड्डीचे नाव त्याने काढले नाही, आणि माझ्याने काढवले नाही.

निकाल माझ्या बाजूने होता, तरीही निवड चुकीची होती, कारण ती मी केलीच नव्हती. गलक्याने केली होती. राष्ट्रीय संघाची अकरा नावे ठरविताना एका प्रशिक्षकाने ज्योतिष्याचा सल्ला घेतल्याचे वृत्त २०२३ साली वर्तमानपत्रांत आले, तेव्हा देशभर हसे झाले. मी हसू शकलो नाही. आपल्या निर्णयाचा भार दुसऱ्यावर टाकण्याचा मोह काय असतो, हे मी अनुभवले होते.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या छेत्रीविषयीच्या प्रश्नाकडे वळू. छेत्रीने ६ जून २०२४ रोजी निवृत्ती घेतली आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याला परत बोलवावे लागले. का? आपली इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा एका संघातून एका वेळी सहा परदेशी खेळाडू मैदानात उतरू शकत. २०२१ पासून ती मर्यादा चारवर आली. गोल करणारा मध्याघाडीचा गडी मिळाला की गुण हाती लागतात, म्हणून बहुतेक संघ ती जागा परदेशी खेळाडूला देतात आणि आपला मुलगा बाजूच्या फळीत जातो. जी जागा वर्षभर खेळावयास मिळत नाही, त्या जागेवर राष्ट्रीय सामन्याच्या सायंकाळी तो एकाएकी कसा चमकणार? म्हणून, "अमक्याला का घेतले?" याऐवजी, "त्याच्या जागी घेण्याजोगे दुसरे तिघे का तयार झाले नाहीत?" असे विचारावे. हा प्रश्न एकट्या प्रशिक्षकाला नव्हे, तर संघचालकांना, महासंघाला आणि ज्या शाळांत खेळाच्या तासाला गणित शिकविले जाते, त्या आम्हां मास्तरांनाही विचारला पाहिजे.

शेवटी एक साधी युक्ती सांगून आपली रजा घेतो. त्या दोघा विद्यार्थ्यांना मी आता एक वही दिली आहे. सामन्यापूर्वी प्रत्येकाने त्यात आपले अकरा खेळाडू लिहावयाचे आणि प्रत्येक नावापुढे एका ओळीत कारण. सामना सुरू झाल्यावर खाडाखोड चालणार नाही. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून आपण ०-१ असे हरलो, तेव्हा प्रथमच ते दोघे भांडले नाहीत. वही उघडून बराच वेळ आपलीच नावे वाचीत बसले. मग थोरला म्हणाला, "गुरुजी, बाहेर कोणाला बसवायचे, तेच कठीण आहे हो."

मी म्हटले, "बाळ, ते मला ठाऊक आहे."