गजांआडच्या परिचारिका

कॅलिफोर्नियातला सॅन क्वेंटिन तुरुंग. 2005 मध्ये न्यायाधीश थेल्टन हेंडरसन स्वतः तिथे जाऊन आले. रोज सुमारे शंभर कैद्यांची तपासणी होणाऱ्या खोलीत हात धुवायला बेसिनसुद्धा नव्हते. राज्याच्या तुरुंगांत दर सहा-सात दिवसांनी एक कैदी हकनाक मरतो, असा निष्कर्ष त्यांनी त्याच वर्षी नोंदवला.

या मृत्यूंमागे माणसांची टंचाईही होती. गोळ्या वाटणे, इन्सुलिन टोचणे, नव्या कैद्याची पहिली तपासणी, रात्री कुणाच्या छातीत दुखले तर डॉक्टरला बोलवायचे की नाही हे ठरवणे, सारे परिचारिकेवर येऊन पडते. बाहेरची रुग्णालये जास्त पगार देत असताना ही ताणाची, धोक्याची नोकरी कोण धरणार?

2006 मध्ये तुरुंगांची आरोग्यसेवा राज्याकडून काढून न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे सोपवली गेली. राज्याचे वेतननियम बाजूला ठेवून पगार वाढवायची परवानगीही मिळाली.

नुसत्या पगारवाढीने भागणार नव्हते. सुमारे 80 हजार कैद्यांसाठी बांधलेल्या तुरुंगांत जवळपास दुप्पट माणसे कोंबलेली होती. ही गर्दी कमी करण्याचा आदेश 2011 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायम केला.

कैद्याला आपला दवाखाना निवडता येत नाही. म्हणूनच त्याच्या उपचाराची आणि उपचार करणाऱ्या परिचारिकेच्या रास्त पगाराची जबाबदारी सरकारला झटकता येणार नाही. कॅलिफोर्नियात पहिल्या तुरुंगाची, फॉल्समची, आरोग्यसेवा राज्याला परत मिळायला 2015 साल उजाडले.