विमानतळाची दुसरी कमाई



सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेली असंख्य कुटुंबे कापडाच्या धंद्यावर पोट भरतात. गावी जावयाचे तर उधन्याहून भुसावळकडे जाणारी रेल्वे त्यांना पुरते. परंतु आता अशाच एखाद्या घरातील मुलगा नोकरीसाठी दुबईस निघतो, आणि सारे घर त्याला पोचवावयास विमानतळावर जाते. १७ डिसेंबर २०२३ रोजी तेथील नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. त्या निरोपाच्या तासाभरात गाडी उभी करण्याचे भाडे, चहापाणी, ऐनवेळची खरेदी यांवर जो पैसा खर्च होतो, त्याविषयी मी आज बोलणार आहे.

विमानतळाची मिळकत दोन प्रकारची असते. विमाने उतरविण्याचा व उभी ठेवण्याचा आकार आणि दर प्रवाशामागे घेतली जाणारी फी, ही पहिली. मोठ्या विमानतळांसाठी हे दर २००८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले नियामक प्राधिकरण ठरविते. दुसरी मिळकत दुकाने, उपाहारगृहे, जाहिराती, वाहनतळ व जमिनीचे भाडे यांची. गाळेधारकाशी होणाऱ्या करारात पुष्कळदा ठराविक किमान रक्कम किंवा विक्रीतील हिस्सा, यांपैकी जे अधिक असेल ते द्यावे लागते. म्हणजे दुकानाचा गल्ला वाढला की विमानतळाचाही वाढतो.

तो वाढतो कसा? आयर्लंडातील शॅनन येथे अटलांटिक ओलांडणारी विमाने इंधनासाठी थांबत. खाली उतरलेल्या प्रवाशांसाठी तेथे १९४७ मध्ये जकातमुक्त दुकान निघाले. प्रवाशाचा मोकळा वेळ हेच या व्यापाराचे भांडवल होय. रांगेत अडकलेला माणूस खरेदी करीत नाही. म्हणून तपासणी लवकर आटोपावी, यात प्रवाशाप्रमाणेच व्यवस्थापकाचेही हित असते. मुंबईत २०१४ मध्ये सुरू झालेल्या टर्मिनलात तपासणी संपताच प्रवासी दुकानांच्या पेठेतच येऊन पोचतो.

या कमाईत आपलाही वाटा आहे. २०१६ च्या राष्ट्रीय विमान वाहतूक धोरणानुसार, अशा उत्पन्नापैकी ३० टक्के रक्कम हिशेबात धरून विमानसेवेचे दर तेवढे हलके करावयाचे असतात. मात्र आत गेलेल्या गिऱ्हाइकाला दुसरे दुकान गाठता येत नाही. त्याच्या या अडचणीवर भाव चढविणे सोपे. पण मग तो घरूनच डबा बांधून आणतो आणि दुकानाकडे पाठ फिरवितो.

डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारे उपाहारगृह निघाले. भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२२ पासून महिला बचतगटांना आळीपाळीने विक्रीची जागा देण्याची योजनाही राबविली. सुरतेचा विमानतळ याच प्राधिकरणाकडे आहे. लिंबायतच्या बायका घरी बसून साड्यांवर टिकल्या-खडे लावतात. त्या साडीला विमानतळावर गाळा मिळाला आणि मुलाला निरोप देणाऱ्या आईला परवडेल असा चहा मिळाला, तर विमानतळाचे उत्पन्न वाढेल आणि ते वाढल्याचे कोणाला वाईटही वाटणार नाही.