थंड मुलखात लेकरांसह

आमच्या चांदूर रेल्वेत मे महिन्याच्या दुपारी स्टेशनावरच्या लोखंडी बाकाला हात लागला तर तो चटकन मागे घ्यावा लागतो. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेलेला, कूलर रात्रंदिवस घरघरतो आहे आणि शाळेला सुट्टी लागलेली लेकरे अंधाऱ्या खोलीत आंब्याच्या कोया चोखत बसलेली. अशा वेळी कोणी नुसते 'मनाली' किंवा 'काश्मीर' असे शब्द उच्चारले तरी अंगावरून गार वारा गेल्यासारखे वाटते. म्हणून तर हल्ली आपल्या वऱ्हाडातली पुष्कळ कुटुंबे सुट्टीत उत्तरेकडे निघतात. बरोबर तीन वर्षांचे, पाच वर्षांचे लेकरूही असते. ते काही आपण होऊन निघालेले नसते. आपण त्याला नेलेले असते. एवढी एक गोष्ट आपण ध्यानात ठेवली, तर पुढचे पुष्कळसे शहाणपण आपोआप सुचते. मला ते वेळेवर सुचले नाही. म्हणूनच आज हे बोलायला बसलो आहे.

गोष्ट २०१९च्या मे महिन्यातली. मी, पत्नी, सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि माझी आई असे पाच जण एका सहलीबरोबर मनालीला गेलो. सहलीच्या कागदावर प्रत्येक दिवसापुढे स्थळांची लांबलचक यादी होती. ती पाहून मला आनंदच झाला. पैसे तेवढेच आणि स्थळे जास्त! मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. एक वस्तू घ्यायची तर दुसरी सोडावी लागते, हे दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा मला काहीच सोडवेना.

आदल्या दिवशी संध्याकाळी मनालीत पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला रोहतांग खिंडीकडे निघालो. रस्त्यात एका दुकानी भाड्याचे कोट आणि गमबूट घेतले. मुलाचा कोट त्याच्या घोट्यापर्यंत आला. बूट आतून ओलसर होते, पण घाईत तिकडे कोणी पाहिले नाही. मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटरांवर आहे आणि रोहतांग ३,९७८ मीटरांवर. मधले अंतर फक्त ५१ किलोमीटर. म्हणजे एका सकाळीत आम्ही जवळजवळ दोन किलोमीटर वर चढणार होतो. आमचे चांदूर तीनशे मीटरांच्या आसपास. दोनच रात्रींपूर्वी आम्ही तिथे होतो.

अर्ध्याहून अधिक घाट चढल्यावर मुलाने दूध नको म्हटले. मग उलटी केली. गाडीतले सगळे म्हणाले, घाट लागला, होतं असं. पुढे तो रडला, कुरकुरला आणि थोड्या वेळाने अगदी शांत झाला. मला वाटले, झोपला. बरे झाले. आईने त्याच्या पायातले बूट काढले. मोजे ओले आणि पाय बर्फासारखे. ती मला म्हणाली, "बापू, थे रडत असतं तं मी काही म्हटलं नसतं. पन थे चूप झालं. फिरव गाडी."

गाडीत आणखी एक कुटुंब होते. त्यांचे म्हणणे, एवढे आलो, आता तासाभराचाच प्रश्न आहे. मलाही मनातून तसेच वाटत होते, हे आज कबूल करतो. शेवटी गाडीवाला पहाडी माणूस मागे वळून म्हणाला, "बाबूजी, बर्फ कहीं नहीं जाता. बच्चे को नीचे ले चलो." आणि त्याने गाडी वळवली. आम्ही त्या कुटुंबाची मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत सोय करून दिली आणि खाली आलो. जसजसे खाली येत गेलो तसतसा मुलाच्या चेहऱ्यावर रंग आला. मनाली जवळ आली तेव्हा त्याने बिस्किट मागितले. त्या बिस्किटाइतके सुख मला पुढे कुठल्याही शिखराने दिले नाही.

आता यात घडले काय, ते नीट समजून घेऊ. उंची वाढली की थंडी वाढते. दर हजार मीटरांना सरासरी साडेसहा अंश, हा ढोबळ हिशेब. चांदूर ते रोहतांग या चढात निव्वळ उंचीमुळेच सुमारे चोवीस अंश गेले. पहाटेचा गारठा, वारा आणि बर्फ यांचा हिशेब वेगळाच. दुसरी गोष्ट, हवा विरळ होते. रोहतांगच्या उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने सुमारे साठ टक्केच प्राणवायू मिळतो. साधारण अडीच हजार मीटरांच्या वर अनेकांना याचा त्रास होतो. मोठा माणूस डोके दुखते म्हणून सांगतो. तीन वर्षांचे लेकरू काय सांगणार? ते चिडचिड करते, खात नाही, उलटी करते, झोपत नाही, नाहीतर भलत्या वेळी सुस्त पडते. या सगळ्याला आपण 'घाट लागला' म्हणून मोकळे होतो. कधी तेवढेच असतेही. पण उंचीवर शंका आली तर लेकराला खाली आणावे, हाच पहिला उपाय. मग डॉक्टरकडे न्यावे. वर चढत राहून बरे होण्याची वाट पाहू नये.

थंडीचेही तसेच. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा विस्तार मोठा असतो, म्हणून त्याच्या अंगातली ऊब आपल्यापेक्षा लवकर निघून जाते. त्यात आपण चालत असतो आणि ते कडेवर बसलेले असते. चालून आपल्याला घाम येतो आणि आपण म्हणतो, कुठे आहे थंडी? थंडी कडेवर आहे! म्हणून लेकराला किती गरम कपडे हवेत, हे आपल्या अंगावरून ठरवू नये. त्याच्या मानेमागून आत हात घालून पाहावे. जाड कोट एकच घालण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे. थरांमध्ये हवा अडकते, तीच ऊब धरते. आणि ऊन पडले की एखादा थर काढता येतो. अंगालगत सुती कपडा ओला झाला तर तो ओलाच राहतो. लोकर भिजली तरी थोडी ऊब देते. कोट भाड्याने घ्यावा, पण मोजे, हातमोजे आणि कानटोपी घरचीच असावी. मोज्यांचे दोन जादा जोड आईच्या पिशवीत, हाताशी असावेत. गाडीच्या टपावरच्या बॅगेत असलेले मोजे चांदुरातच राहिल्यासारखे असतात.

आणखी एक गोष्ट. थंडीत लेकराला चमचाभर ब्रँडी द्यावी, असा सल्ला देणारे प्रेमळ लोक प्रत्येक सहलीत भेटतात. तो ऐकू नये. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर गरम वाटते आणि प्रत्यक्षात अंगातली ऊब बाहेर जाते. मुलांना तर ती एरवीही अपायकारकच. गारठलेल्या बोटांवर बर्फ चोळणे किंवा ती शेकोटीवर धरणे, हेही चुकीचे. ती आपल्या काखेत धरावीत. पाजायचेच तर कोमट दूध किंवा डाळीचे पाणी पाजावे. थंडीत तहान लागत नाही, पण पाणी लागते. खायला घरच्या दशम्या आणि शेंगदाण्याचे लाडू यांसारखे दुसरे काही नाही. अनोळखी चवीपुढे तोंड फिरवणारे पोट्टे दशमीला नाही म्हणत नाही.

पण श्रोतेहो, कपडे आणि खाणे हा सोपा भाग झाला. अवघड भाग वेळेचा आहे.

माझा पुतण्या अमेरिकेत सिअ‍ॅटलला असतो. तिथून उन्हाळ्यात अलास्काकडे मोठाली प्रवासी जहाजे जातात. तो दोन लहान मुलांना घेऊन तसा गेला होता. जहाज एखाद्या बंदरात काही तास थांबते. प्रवासी उतरून गाव पाहतात आणि ठरलेल्या वेळेला जहाज सुटते. उशीर झालेल्यांसाठी ते थांबतेच असे नाही. शिवाय जुनो हे अलास्काच्या राजधानीचे गाव असे आहे की तिथून बाहेरगावी जाणारा रस्ताच नाही. जहाज नाहीतर विमान! तेव्हा त्याने मला पत्रात लिहिले, "काका, आम्ही दिवस उलटा मोजला." म्हणजे असा. जहाज सुटायची वेळ धरली. त्यातून दोन तास वजा केले. मुलांचे जेवण आणि झोप वजा केली. उरलेल्या वेळात एकच गोष्ट बसली. गावापासून वीसेक किलोमीटरांवर मेंडेनहॉल नावाची हिमनदी आहे, ती लहानशा पक्क्या वाटेवरून पाहायची आणि परत यायचे. पुढच्या स्कॅग्वे बंदरात डोंगर चढण्याऐवजी त्यांनी सोन्याच्या शोधाच्या धामधुमीत, १८९८ ते १९०० या काळात, बांधलेल्या छोट्या रेल्वेत बसणे पसंत केले. मुले उबदार डब्यात, काचेला नाक लावून. बाहेर बर्फ, आत आई.

हे पत्र वाचले आणि माझ्या ध्यानात आले की आमच्या सहलीलाही जहाजाइतकीच बंधने होती. घाटात वाहनांची रांग, रोहतांगला रोज ठरावीकच गाड्यांना मिळणारा परवाना, संध्याकाळी उतरणारा गारठा. फक्त आम्ही दिवस सुलटा मोजला होता. काय काय पाहता येईल तिथून सुरुवात केली, लेकरू किती सोसेल ते शेवटी राहिले.

म्हणून २०२२ साली पुन्हा निघालो तेव्हा पत्रातली रीत उचलली. या वेळी सिमला. तेही कालक्याहून छोट्या रेल्वेने. १९०३ साली सुरू झालेली ही ९६ किलोमीटरांची वाट, शंभराहून अधिक बोगद्यांतून हळूहळू सुमारे २,०७५ मीटरांपर्यंत चढते. युनेस्कोने २००८ साली तिला जागतिक वारशात घेतले. आमच्या आईला तिचे काही अप्रूप वाटले नाही. रूळ पाहताच ती म्हणाली, "हे तं आपली शकुंतलाच हाये!" आणि ते खरेच आहे. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरची, आता बंद पडलेली शकुंतला आणि ही गाडी, दोन्हींच्या रुळांतले अंतर तेच, अडीच फूट. आईचे माहेर अंजनगावचे. तिने नातवंडांना प्रत्येक बोगद्यात शकुंतलेची एकेक गोष्ट सांगितली. सिमल्यात पहिला दिवस नुसता मुक्काम केला. पुढे दिवसाला एकच ठिकाण आणि दुपारी जेवायला परत. मुलगा एकदाही आजारी पडला नाही.

खर्चाची भीती वाटत असेल किंवा लेकरू फारच लहान असेल, तर रंगीत तालीम घरच्या घरी होऊ शकते. आपल्या अमरावती जिल्ह्यातच चिखलदरा आहे, सुमारे ११०० मीटरांवर. डिसेंबर-जानेवारीत तिथे दोन रात्री काढाव्यात. लेकरू टोपी ठेवते की फेकते, बुटांनी पायाला फोड येतो का, घाटात किती वेळा थांबावे लागते, हे सगळे तिथे कळते. चूक झाली तर दोन-तीन तासांत अमरावती गाठता येते. आणि ज्या बाळाला दमा आहे, छातीचा किंवा हृदयाचा आजार आहे किंवा जे अजून अंगावर पिते आहे, त्याला उंच प्रदेशी नेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नये.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. घरून निघण्यापूर्वीच एका माणसाला 'परत फिरा' असे म्हणण्याचा अधिकार देऊन ठेवावा. त्याने म्हटले की वाद नाही, मत मागणे नाही, पैशांचा उल्लेख नाही. वर गेल्यावर हा निर्णय होत नाही. तिथे बर्फ समोर दिसत असतो, बरोबरची माणसे पुढे निघालेली असतात आणि घरी गेल्यावर लोक काय म्हणतील, हेही डोक्यात असते. हा अधिकार सहसा बापाला देऊ नये, असे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. आमच्या घरी तो आता आईकडे आहे. तिचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे, माझे एम.ए.पर्यंत. पण त्या दिवशी घाटात लेकराचे पाय तिने चाचपून पाहिले, मी नाही.

आणि मुलांचे काही बुडते, असे मुळीच समजू नका. मनालीहून परतल्यावर मुलीने शाळेत सुट्टीवर निबंध लिहिला. त्यात न पाहिलेल्या रोहतांगबद्दल एक अक्षर नव्हते. होता तो आमच्या मुक्कामाच्या दारात झोपणारा केसाळ कुत्रा आणि बियास नदीतला एक गोटा. तो इतका गार होता की हातात धरवत नव्हता, असे तिने लिहिले होते. गोटा आजही आमच्या घरी आहे. मे महिन्यात तो तापतो, ही गोष्ट वेगळी!

या सुट्टीत आपल्यापैकी जे उत्तरेकडे निघाले असतील त्यांचा प्रवास सुखाचा होवो. यादीतले एक स्थळ आजच खोडून टाका आणि परतीचा शब्द कोणाच्या तोंडी द्यायचा, ते आज रात्री जेवताना ठरवा.