घरातील पसारा आणि स्त्रीचा रोष
(काशीतील भोसले घाट परिसरात मराठी भाषिक सभासदांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



काशीचा हा भोसले घाट अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरच्या भोसल्यांनी बांधला, असे इतिहास सांगतो. दगड फोडणाऱ्या व रचणाऱ्या मजुरांची नावे त्या इतिहासात नाहीत. दरवर्षी पावसाळ्यात गंगा पायऱ्या चढून वर येते आणि पूर ओसरताना गाळाचा जाड थर मागे ठेवून जाते. तो धुऊन काढल्याखेरीज पायरी दृष्टीस पडत नाही. हे काम एकदा करून संपत नाही. पुढील वर्षी ते पुन्हा उभे राहते. घाट बांधणाऱ्याचे नाव दोन शतके टिकले; घाट स्वच्छ राखणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही.

घरकामाची गत हीच आहे. केलेले काम दिसत नाही, न केलेले तेवढे डोळ्यांत भरते.

कित्येक श्रमिक घरांतील चित्र परिचयाचे आहे. नवरा दिवसा कामावर आणि संध्याकाळी युनियनच्या कचेरीत. बायकोही नोकरी करते, नाहीतर घरी शिवणकाम करते. रात्री उष्टे ताट जागीच राहते, कपडे खाटेवर पडतात, पत्रकांचे गठ्ठे आणि वर्तमानपत्रे जमिनीवर पसरतात. पसारा करणारे हात अनेक. आवरणारे हात दोनच. पाहुणा आला आणि घर अस्ताव्यस्त दिसले, तर बोल मात्र तिलाच. मग भांडी आदळू लागतात, आणि सभेत मालकाच्या अन्यायावर तासभर बोललेला तोच कार्यकर्ता म्हणतो, "क्षुल्लक गोष्टीवरून ही कटकट कशाला?"

ही गोष्ट क्षुल्लक नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्या बिनमोल कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया ८१.२ टक्के आढळल्या, पुरुष अवघे २६.१ टक्के. या कामात भाग घेणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात, पुरुषाची ९७. पुढे २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ आले. म्हणजे स्त्रीचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, तो पुरुषाने उचलल्यामुळे नव्हे. त्याचीही नऊ मिनिटे कमीच झाली.

या फुकटच्या श्रमाचा लाभ अखेर कोणाला होतो? श्रमशक्तीच्या मूल्यात कामगाराच्या कुटुंबाच्या निर्वाहाचा खर्च धरावा लागतो, हे मार्क्सने दाखवून दिले. मालक कामगाराचे आठ तास विकत घेतो. परंतु तो कामगार जेवून, धुतलेले कपडे घालून, विश्रांती घेऊन दुसऱ्या दिवशी फाटकावर उभा राहतो, तो घरातील स्त्रीच्या श्रमामुळे. त्या श्रमाला मजुरी नाही, म्हणूनच मालकाला मजुरी कमी ठेवणे परवडते. काशीतील विणकरांच्या घरी कांड्या भरणारी आणि सोलापुरात विड्या वळता वळता चुलीकडे पाहणारी स्त्री, दोघींचे दुहेरी शोषण याच पायावर उभे आहे.

राज्ययंत्रणेची दृष्टीही याहून निराळी नाही. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची गणना भिकारी आणि कैदी यांच्यासमवेत बिगर-कामकऱ्यांत झाली. त्यावर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीका केली. जानेवारी २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने अपघाती मृत्यूच्या भरपाईसाठी गृहिणीच्या श्रमाचे मूल्य धरलेच पाहिजे असे बजावले. परंतु हे मोल ती गेल्यानंतरचे आहे. जिवंतपणी तिच्या वाट्याला दोष येतो.

यात भांडवलशाहीबरोबर सरंजामी संस्कारही मिसळले आहेत. महाराष्ट्रातील उच्चवर्णीय घरांत केशवपन झालेल्या विधवेला मंगलकार्यात मज्जाव असे. सोवळ्यातील स्वयंपाकासाठी मात्र तिचेच हात राबत. अशा कितीतरी स्त्रियांनी आयुष्याची अखेर याच काशीत काढली. काशीतील मराठी पंडितांच्या विद्वत्तेची कीर्ती देशभर झाली; त्या घरांतील चूल कोण पेटवीत होते, याची नोंद कोणी ठेवली नाही.

या प्रश्नावर तीन चुकीच्या भूमिका ऐकू येतात. समाजवाद आला की हा प्रश्न आपोआप सुटेल, ही पहिली. लेनिनने असे कधी म्हटले नाही. जून १९१९ मध्ये त्यांनी सार्वजनिक भोजनालये, शिशुगृहे व बालोद्याने यांना नव्या समाजाचे अंकुर मानले आणि कायद्याने समता मिळूनही स्त्री घरकामाखाली चिरडली जात असल्याचे स्पष्ट सांगितले. १९२० मध्ये क्लारा झेटकिन यांच्याशी बोलताना, हातभार लावला तर स्त्रीचा किती त्रास वाचेल याचा विचार श्रमिक पुरुषही क्वचितच करतात, असे त्यांनी बजावले. दुसरी भूमिका म्हणजे हा खाजगी मामला आहे, पक्षाचा नव्हे. परंतु १९७२ च्या सुमारास मुंबईत अहिल्या रांगणेकर, मृणाल गोरे यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध स्त्रिया लाटणी व थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा स्वयंपाकघरातील प्रश्न राजकीय असल्याचे त्यांनीच सिद्ध केले. तिसरी भूमिका म्हणजे मोलकरीण ठेवली की भागले. तिला रास्त वेतन व सुटी मिळणे हा तिचा हक्कच आहे. परंतु नवऱ्याच्या वाट्याचे काम अधिक गरीब स्त्रीच्या खांद्यावर लोटल्याने समता येत नाही.

म्हणून कार्य दोन्ही आघाड्यांवर हवे. पाणी नळाला आणि वेळेवर यावे, वस्तीत पाळणाघर असावे, अंगणवाडी सेविकांना योग्य वेतन मिळावे, यासाठी लढा हवाच. त्याचबरोबर प्रत्येक पुरुष सभासदाने घरकामाचा आपला वाटा आजपासून उचलला पाहिजे. तो 'मदत' म्हणून नव्हे. मदत दुसऱ्याच्या कामात करतात, आणि हे काम दुसऱ्याचे नाही. शाखेच्या बैठकीची वेळ ठरवताना स्त्री सभासदांना विचारले गेले काय, पती बैठकीला आला तेव्हा पत्नी कशामुळे येऊ शकली नाही, याचा हिशेब शाखेने वर्गणीच्या हिशेबाइतक्याच गांभीर्याने ठेवावा. बैठकीचा चहा करून पेले विसळण्याची पाळीही सर्वांना सारखी असावी.

घरात भांडी आदळतात तो आवाज कटकटीचा नसून अन्यायाविरुद्धच्या निषेधाचा आहे. कारखान्यातील असंतोष ओळखणाऱ्या कार्यकर्त्याला तो आपल्या घरात ऐकू येत नसेल, तर स्त्रीने त्याच्या शब्दावर विश्वास का ठेवावा? तिचा रोष संघटनेबाहेर राहिला तर श्रमिक वर्गाची निम्मी शक्ती बाहेर राहील. तो संघटित झाला, तर शोषणाविरुद्धच्या लढ्याला मोठे बळ लाभेल.