आकाशातली घड्याळं



कतारमधल्या तुमच्या उम्म सलाल मोहम्मदमधले बरझानचे बुरूज सगळ्यांनी पाहिले असतील. मोती काढायला गेलेल्या होड्यांवर नजर ठेवणं आणि चंद्र पाहून दिवस-महिन्यांचा हिशेब लावणं ही दोन्ही कामं तिथून होत, असं सांगतात. जागा आणि वेळ या जोडीबद्दलच मला आज बोलायचं आहे. मोबाइलवरचा नकाशा वाट दाखवतो, तोही वेळ मोजूनच.

4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा उपग्रह सोडला आणि तिथूनच ही गोष्ट सुरू होते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण केवळ कुतूहलापोटी त्याची 'बीप बीप' ऐकत बसले. फलाटावरून धडधडत जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती वाटते, तसाच स्पुटनिककडून येणाऱ्या रेडिओलहरींचा स्वर बदलत होता. त्यावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्युअर यांनी प्रश्न उलटा केला: उपग्रह कुठे आहे ते माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे ते काढता येईल का? त्यातून पाणबुड्यांसाठी 'ट्रान्झिट' यंत्रणा उभी राहिली. या सगळ्या इतिहासात मला तो उलटा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो.

पुढे अमेरिकेच्याच जीपीएसचा पहिला उपग्रह 1978 मध्ये गेला. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं. 'मी इथे आहे, आत्ता इतके वाजलेत', एवढंच तो सांगत राहतो. संदेश पोचायला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं आणि चार उपग्रहांच्या अंतरांवरून तुमची जागा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर 300 मीटरनी चुकतं!

मे 2000 पर्यंत सामान्य माणसाला मिळणारा जीपीएसचा संदेश अमेरिका मुद्दाम कमी अचूक ठेवत असे. परक्याच्या घड्याळावर किती विसंबायचं, हा प्रश्न भारतापुढेही होता. म्हणून इस्रोने 'नाविक' या भारताच्या स्वतःच्या यंत्रणेचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजी सोडला. त्यातली आयात केलेली तिन्ही अणुघड्याळं पुढे बंद पडली. त्याच्या बदली पाठवलेला उपग्रह 2017 मध्ये अग्निबाणाच्या उष्णताकवचातच अडकला. तरीही अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात आपलं स्वतःचं रुबिडियम अणुघड्याळ तयार झालं आणि 29 मे 2023 रोजी ते एनव्हीएस-01 या नाविकच्या उपग्रहातून झेपावलं. ते घड्याळ घडवणाऱ्यांबद्दल मला अपार आदर आहे. अजून बरंच काम बाकी आहे, त्याला तुमच्यासारखी मुलं हवी आहेत.

विज्ञानाच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. या आठवड्यात मुलांना पटांगणात नेऊन उपग्रह दाखवणारं ॲप उघडा. अमेरिकेच्या जीपीएसबरोबर रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बायडू दिसतील. नाविकच्या काही उपग्रहांची इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फेरी 55 अंश पूर्व रेखांशाभोवती, म्हणजे कतारच्या अगदी जवळच्या रेखांशावर असते. फोनमध्ये सोय असेल, तर तेही शोधा.